कमरेपासून वरचे कोसाभाऊ

आमच्या गल्लीला कोसाभाऊ कमरेपासून वरचेच माहीत होते. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस रस्त्यावरून तेवढाच दिसतो. दार सताड उघडं, दारासमोर माग, आणि मागाच्या पलीकडे जमिनीतून उगवल्यासारखे कोसाभाऊ. अंगात बंडी, कानावर बिडी, हातात धोटा. पाय खाली अंधारात, मागाच्या पावड्या दाबत. मी सकाळी शाळेत जाई तेव्हा ते तिथे असत आणि संध्याकाळी परत येई तेव्हाही तिथेच असत. आमच्या कोष्टीपुऱ्यात सगळेच विणकर, पण एवढा वेळ खड्ड्यात बसणारा दुसरा कोणी नव्हता. माझे वडील आम्हा भावंडांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, कामाला बसावं तर असं.

खरं कारण कळायला पुष्कळ वर्षं लागली.

गाव आरमोरीच्या बाजूचं. एकेकाळी तिथे घरोघरी कोसा, म्हणजे रानातलं टसर रेशीम, विणला जाई. मिलचं सूत स्वस्त झालं तसे बहुतेक जण सुती लुगड्यांकडे वळले. हे एकटे कोशाला धरून राहिले, म्हणून त्यांचं नावच कोसाभाऊ पडलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, ओसरीत बसून उकडलेल्या कोशातून तार काढायच्या, मांडीवर वळायच्या. भाऊ विणायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बोलणंही फार नसे. माग चालू असला की वहिनींना ते कसे आहेत हे आवाजावरून कळायचं.

कोशासाठी त्यांना कुरखेड्याच्या जंगलात जावं लागे. तिकडचे ढिवर लोक येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर कोसे पिकवतात. आमच्या गल्लीतली चार माणसं मिळून पायी निघायची. कोसाभाऊ थोडं चालले की थांबायचे, एखाद्या दगडावर बसायचे आणि बिडी पेटवायचे. बिडी संपली की उठायचे. पुन्हा थोडं चालणं, पुन्हा बिडी. बाकीचे त्यांची थट्टा करत की हा माणूस बिडी ओढायला जंगलात येतो आणि येताना कोसे आणतो. कोसाभाऊ हसून म्हणत, "बिडी मले नाई ओढत, मीच तिले ओढतो."

खरी गोष्ट अशी होती की चालताना त्यांच्या डाव्या पोटरीत कळ यायची, पाय उचलवत नसे. बसलं की कळ जाई. बसल्यावर हातात बिडी असायची, म्हणून त्यांची खात्री झाली की बिडीनेच कळ जाते. आपली दवा आपल्याला सापडली या समाधानात त्यांनी बिड्या वाढवल्या. आणि चारचौघांत पाय दुखतो म्हणून थांबण्यापेक्षा बिडीसाठी थांबणं त्यांना बरं वाटे.

मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या घरात आनंदापेक्षा काळजी जास्त होती. वडिलांना मी मागावर हवा होतो. नागपूरच्या कॉलेजचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. कोसाभाऊ त्या दिवशी खड्ड्यातून उठून आमच्या घरी आले. त्यांचं असं उठून येणं नवलाचंच होतं. आमच्या दारापर्यंत येतानाही ते मध्ये एकदा थांबले, हे मी पाहिलं होतं. अर्थ कळला नव्हता. वडिलांना ते एवढंच म्हणाले, "खड्ड्यात बसाले आपन सारे हावोच. ह्याले वर राहू दे." वडिलांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, याची पेटी भर. आज माझ्या नावापुढे बी.ए. लागतं ते त्या एका वाक्यामुळे. मी ते कधी विसरलो नाही आणि त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तर कोसाभाऊंचा माग बंद होता. ते मात्र खड्ड्यातच बसलेले. डोकं मागावर गुंडाळलेल्या कापडावर टेकलेलं, डोळे मिटलेले. वहिनींनी सांगितलं की दिवसरात्र तिथेच असतात, झोपतातही तिथेच. आडवं झालं की पाय असा ठणकतो की माणूस ओरडतो. पाय खाली सोडला की जरा निभतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही ज्याला कामाची हौस समजत होतो तो एका दुखऱ्या पायाला सापडलेला आसरा होता.

मी त्यांना वर यायला सांगितलं. ते दोन्ही हात टेकून वर आले, आणि त्यांचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले. उजवा बरा होता. डावा घोट्यापासून खाली निळसर, हात लावला तर माठासारखा गार. अंगठा काळा पडला होता आणि अंगठ्याखाली एक भाजल्यासारखी, न भरलेली जखम होती.

जंगलात भाऊंच्या पायात काटा मोडला होता, आणि आमच्याकडे काटा मोडला की बिब्बा लावतात. जंगलात वावरणाऱ्या माणसाला ते औषध आईच्या हातून मिळालेलं असतं. बिब्बा तापवून त्याचं तेल काट्याच्या जागी टेकवायचं, चटका बसतो, कातडी जळते, खाली नवी येते. चांगल्या पायाला ते सोसतं. ज्या पायात रक्तच पोहोचत नाही त्याला नवी कातडी आणायला काही उरलेलं नसतं, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक असणार?

त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यायला वडशाहून आम्ही छोट्या आगगाडीने नागभीडला गेलो, तिथे गाडी बदलून नागपूर. भाऊ पाय खाली सोडून बाकावर बसले होते आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. वहिनी खिडकीकडे तोंड करून माझ्याशी हळूच बोलल्या. "बापू, बिब्बा म्या लावला. ते नको म्हनून राह्यले होते. म्याच पाय धरून लावला."

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातले मोठे डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी आधी पायाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं, मग घोट्यामागे, मग गुडघ्यामागे. तिथे ते बराच वेळ थांबले. पायात नाडी असते हे कोसाभाऊंना त्या दिवशी कळलं. घोट्याला ती लागत नव्हती. गुडघ्यामागे लागत होती. मग डॉक्टरांची नजर त्या जखमेवर गेली आणि त्यांचा आवाज चढला. हे कोणी जाळलं, असं त्यांनी विचारलं.

वहिनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं असेल नसेल, तोच कोसाभाऊ म्हणाले, "मीच लावला, साहेब. ह्या घरी नव्हत्या."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. कोसाभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. पुढच्या सगळ्या वर्षांत बिब्ब्याचा विषय निघाला की भाऊ तो तिथेच तोडत, दुसरं काहीतरी काढत. त्यांची माया अशी होती. समोरच्याला ती घ्यावीच लागे.

शेजारच्या खाटेवर चांद्याचे एक शिंपी होते. सगळा वॉर्ड त्यांना खलिफा म्हणे. आजार तोच, कारण तेच, बिडी. त्यांचा एक पाय मांडीपासून आधीच गेला होता आणि आता दुसरा काळवंडत होता. माणूस मोठा हसरा. कोसाभाऊंना आणून निजवलं तेव्हा ते म्हणाले, "आओ भाऊ, ये बिडीवालों का मोहल्ला है. यहाँ सब आधे-अधूरे रहते हैं." एकाचं पोट पावडीवर, दुसऱ्याचं शिलाई मशीनच्या पायट्यावर. दोघांची मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

खलिफांनी पहिला पाय गेल्यापासून बिडीला हात लावला नव्हता. कोसाभाऊ मात्र दवाखान्यातही वहिनींकडे बिडी मागत होते. एकदा वहिनी लपवून घेऊन आल्या, तेव्हा खलिफांनी हात पुढे करून ती मागून घेतली, कुसकरून खाटेखाली टाकली आणि म्हणाले, "मेरा देखो और पियो." त्यांनी अंगावरची चादर बाजूला केली होती. कोसाभाऊंनी पाहिलं. त्यानंतर त्यांनी बिडी मागितली नाही.

पहिलं ऑपरेशन कमरेच्या बाजूने झालं. तिथला एक मज्जातंतू कापला की पायाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, असं डॉक्टरांनी मला समजावलं आणि मी भाऊंना. पाय खरोखर ऊबदार झाला. भाऊ मला सारखा हात लावून पाहायला सांगत. पण अंगठ्याचा काळेपणा थांबला नाही. तो पावलावर चढला, ताप आला, सुया सुरू झाल्या, आणि एका सकाळी डॉक्टर खाटेशी येऊन उभे राहिले ते पाय कापण्याचं बोलायलाच.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गुडघ्याच्या वर कापला तर जखम बहुतेक भरते, माणूस घरी जातो. खाली कापला तर भरेलच असं नाही. नाही भरली तर पुन्हा कापावं लागतं, आणि अशक्त माणसाला दुसरं कापणं सोसेल याची हमी नाही.

कोसाभाऊ उठून खाटेच्या काठावर बसले. दोन्ही पाय खाली सोडले आणि एक दाबला, दुसरा उचलला, दुसरा दाबला, पहिला उचलला. ठणका एवढा की कपाळावर घाम आला होता, पण पाय मागावर चालतात तसे चालवून दाखवले. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, पावडी पाऊल नाई दाबत. गुडघा दाबते. हा ठेवा. खालचं सारं घ्या."

डॉक्टरांनी गुडघ्यामागे पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी प्रयत्न करीन. शब्द देत नाही. बिडी ओढलीत तर गुडघा जाईल हे नक्की. नाही ओढलीत तर राहील असं मात्र मी म्हणत नाही."

हे वाक्य मी भाऊंना पुन्हा समजावून सांगायला लागलो, तर ते म्हणाले, समजलं मले. एका बाजूनं दार बंद हाय, दुसऱ्या बाजूनं उघडं हाय का नाई ते मालूम नाई.

गुडघ्याखाली एका वितीवर पाय कापला. पट्टी सुटायची त्या दिवशी वहिनी बाहेर जाऊन बसायच्या आणि मी आत उभा राहायचो. जखमेची एक कड काळपट दिसायची. प्रत्येक वेळी डॉक्टर ती बोटाने दाबून पाहायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. खलिफा आपल्या खाटेवरून विचारत, "क्या बोले?" आणि काहीच बोलले नाहीत हे ऐकून म्हणत, "फिर अच्छा है." एका सकाळी त्या काळ्या कडेखालून गुलाबी कातडी दिसली. डॉक्टरांनी भाऊंच्या खांद्यावर थाप मारली. त्याच आठवड्यात खलिफांचा दुसरा पाय गेला, तोही मांडीपासून.

कोसाभाऊंनी आपला आनंद त्या वॉर्डात कधी दाखवला नाही. वहिनींनी गावच्या मारुतीला नारळ बोलला होता, तोही इथे मोठ्याने बोलू नको म्हणाले.

घरी आल्यावर सुताराने मागाच्या डाव्या पावडीवर सागाचा उंच ठोकळा दोरीने बांधून दिला. वरची बाजू वाटीसारखी कोरलेली, तिच्यात थोटा पाय बसायचा. पहिले काही आठवडे कापड फाटायचं, धागा तुटायचा, भाऊ घामाघूम व्हायचे. मग हात बसला. पण मागाचा आवाज बदलला तो बदललाच. उजव्या पायाचा ठोका भारी, डाव्याचा हलका आणि जरा उशिरा. डोळे मिटून सांगता यायचं की हा कोसाभाऊंचा माग. आणि आता पाठीला रग लागली की ते वर येत, काठी घेऊन ओसरीत बसत, गल्लीशी बोलत. आडवं झोपायला मिळतं याचंच त्यांना फार कौतुक होतं.

बिडीची आठवण यायची तेव्हा वहिनी त्यांच्या पुढ्यात कोसे टाकायच्या. ते कोसे निवडत बसायचे. कधी उगाच चिडायचे. एकदा मला म्हणाले, "मी तिले ओढतो म्हनत होतो ना बापू. आता समजलं कोन कोनाले ओढून राह्यलं होतं."

थोट्या पायाला ठोकळ्यात घासून चट्टे पडत. ते खलिफांच्या कानावर गेलं असावं. चैत्रात चांद्याला महाकालीची जत्रा भरते, आमच्या गल्लीतले लोक जातात. जत्रेहून परतलेल्या एका शेजाऱ्याने पहिल्या वर्षी एक पुडकं आणून दिलं. आत जाड कापडाची, मऊ अस्तराची, टाके दिसणार नाहीत अशी शिवलेली खोळ होती. पायांचं मशीन गेल्यावर खलिफांनी हाताने फिरवायचं मशीन घेतलं होतं आणि दवाखान्यात शेजारी झोपून नजरेने घेतलेल्या मापावर ती खोळ बेतली होती. ती मोज्यासारखी बसली. पुढे दर चैत्रात खोळ यायची आणि जत्रेला जाणाऱ्यांबरोबर इकडून कोशाचा एक रुमाल जायचा. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. एकाला चालवत नव्हतं, दुसऱ्याला हलवत नव्हतं.

बी.ए. होऊन मी तालुक्याच्या शाळेत मास्तर झालो. वरच्या वर्गातली पोरं चोरून बिड्या ओढत. मला वाटलं, कोसाभाऊंना एकदा बोलवावं. यांनी बिडी सोडली आणि यांचा गुडघा वाचला, मागही वाचला, हे पोरांनी डोळ्यांनी पाहावं. मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माग थांबवला आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"सोडा म्हनून सांग," ते म्हणाले. "मी पाय दाखवाले येतो. पन बिडी सोडली म्हनून पाय वाचला, असं नको सांगू. खलिफानं माह्या आधी सोडली होती."

मी म्हणालो, पोरांना एवढा फरक कळत नाही, त्यांना सरळच सांगावं लागतं. त्यावर ते म्हणाले, "मंग एखाद्याचा सोडूनही गेला, तर तो काय समजन? आपल्यातच खोट होती म्हनून?"

ते शाळेत आले. पोरांपुढे धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन थोटा पाय दाखवला, खलिफांची गोष्ट सांगितली आणि आपली, गुडघा कशाने वाचला ते न सांगता, अर्ध्यावर सोडली.  मी पुढे आयुष्यभर शिकवलं, पण खात्री नसलेली गोष्ट पोरांना खात्रीने सांगायची वेळ आली की माझी जीभ अडते. ते वळण त्यांनी लावलं.

एका चैत्रात जत्रेहून लोक परतले आणि खोळ आली नाही. शेजारी म्हणाला, दुकान बंद होतं, विचारायला जमलं नाही. कोसाभाऊंनी त्याच्याकडे परत आलेला कोशाचा रुमाल घेतला, घडी घालून खुंटीवर ठेवला आणि त्या दिवशी मागावर बसले नाहीत. खलिफा गेल्याची बातमी नंतर आली. वहिनींनी नवी खोळ शिवून दिली, तर त्यांनी ती नको म्हटलं. शेवटची खोळ ते वापरत राहिले. वहिनी तिला ठिगळं लावत राहिल्या, इतकी की अखेरीस खलिफांचं कापड त्यात किती उरलं होतं देव जाणे.

कोसाभाऊ गेले ते छातीत कळ येऊन, मागावरच. दोन्ही गुडघे शाबूत होते. मी पोहोचलो तोपर्यंत त्यांना नेलं होतं.

तेरवी झाल्यावर वहिनींचा भाचा मागावर बसायला आला. कापड अर्धं विणलेलं होतं, ते पुरं करायचं होतं. त्याचा डावा पाय ठोकळ्यावर आपटू लागला. तो संकोचून वहिनींकडे पाहत राहिला. काढू का, हे विचारायचंही त्याला जड जात होतं. वहिनी उठल्या. त्याला वर यायला सांगितलं आणि स्वतः खड्ड्यात उतरल्या. दोरीच्या गाठी जुन्या झाल्या होत्या, सोडवायला वेळ लागला. मी मागापलीकडे उभा होतो. त्या मला कमरेपासून वरच्याच दिसत होत्या.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "बापू, तू शिकला हायस. बिब्ब्यानं गेला का त्याईचा पाय?"

कोसाभाऊ असते तर त्यांनी विषय बदलला असता. मलाही तोंडात आलं की नाही वहिनी, तसं काही नाही. मग शाळेतल्या पोरांपुढे अर्धी सोडलेली ती गोष्ट आठवली.

मी म्हणालो, "पायात रक्त आधीच पोचत नव्हतं, वहिनी. ते बिडीनं. आज ना उद्या काहीतरी झालंच असतं. बिब्ब्यानं जखम झाली आणि ते लवकर झालं. दोन्ही खरं आहे."

वहिनींचे हात थांबले. त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, "बरं केलं सांगतलं. त्याईनं मले कधी बोलूच नाई देल्लं."

ठोकळा सुटला. त्यांनी तो वर माझ्या हातात दिला. वाटीची आतली बाजू खोळीने घासून गुळगुळीत, काळी झाली होती. मी हात दिला, त्या वर आल्या आणि ओसरीत जाऊन कोसे घेऊन बसल्या.

भाच्याने माग सुरू केला. दोन्ही ठोके सारखे पडू लागले. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली आणि विचारू लागली, मागावर कोन बसलं बाई? वहिनींनी मांडीवरची तार न सोडता भाच्याचं नाव सांगितलं.